बोलणारा आणि करणारा : जावामध्ये चॅट असिस्टंट बांधताना



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या काही जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आणि जावा?" त्यांचं आश्चर्य रास्त आहे. आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली. प्रोग्रामिंगला हात लावला तो निवृत्तीनंतर, आणि तोही जमेल तसा. त्यामुळे आज जे ऐकाल ते कुणा निष्णात इंजिनियरचं मार्गदर्शन नाही, हे आधीच सांगून टाकतो.

झालं असं, की आमच्या गावच्या वाचनालयासाठी एक छोटा चॅट असिस्टंट तयार करावा, असं आम्हा चौघांच्या मनात आलं. चौघं म्हणजे एक आम्ही. दुसरे, बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले आमचे स्नेही. तिसऱ्या, वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. आणि चौथा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी. वाचकानं फोनवरून मराठीत विचारावं, अमुक पुस्तक आहे का, कपाटात आहे की बाहेर गेलंय, आणि असिस्टंटनं वाचनालयाची सूची पाहून उत्तर द्यावं, एवढीच अपेक्षा होती. वाचनालयाचं जुनं सॉफ्टवेअर जावामध्ये होतं, आमच्या स्नेह्यांचं आयुष्य जावामध्ये गेलं होतं, म्हणून जावा.

सुरुवात झकास झाली. आणि पंधराव्या दिवशी एक प्रसंग घडला. आजचं व्याख्यान खरं म्हणजे त्या प्रसंगाबद्दल आहे.

एक रिकामं आश्वासन

वाचनालयाच्या एक जुन्या सभासद आहेत, आमच्याच वयाच्या. श्रावणातली संध्याकाळ होती. त्यांनी फोनवर लिहिलं, "बनगरवाडी आहे का? असेल तर माझ्यासाठी ठेवा." असिस्टंटनं उत्तर दिलं, "हो, एक प्रत उपलब्ध आहे. ती तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. आज सात वाजेपर्यंत घेऊन जाऊ शकता." बाई रिक्षा करून भर पावसात आल्या. तोवर ती प्रत दुसऱ्या वाचकानं नेली होती. राखून ठेवल्याची नोंद कुठेच नव्हती.

ग्रंथपालबाई ओशाळल्या. त्या आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच कळवलंत ना?" आणि मग, "असू दे, यापुढे मी फोनच करत जाईन."

आम्ही लॉग उघडून पाहिला. असिस्टंटनं सूचीत शोध घेतला होता, एक प्रत आहे हे त्याला खरोखर कळलं होतं. पण पुस्तक राखून ठेवण्याचं काम त्यानं केलं नव्हतं. करणार कसं? ते काम करू शकेल असं साधन आम्ही त्याला दिलेलंच नव्हतं! त्यानं फक्त वाक्य लिहिलं होतं. वाक्य व्याकरणशुद्ध होतं, नम्र होतं, वेळेसकट होतं. आणि त्याच्यामागे काहीही नव्हतं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ऑस्टिनची आठवण येणारच. जे. एल. ऑस्टिन हे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. १९५५ साली त्यांनी हार्वर्डमध्ये काही व्याख्यानं दिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ती 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' या नावानं पुस्तकरूपात आली. त्यांचा मूळ मुद्दा असा, की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलणं हेच एक कृत्य असतं. "मी वचन देतो," असं आपण म्हणतो तेव्हा वचनाचं वर्णन होत नाही, वचन दिलं जातं. मात्र ते कृत्य सिद्ध व्हायला अटी असतात. बोलणाऱ्याला तसा अधिकार हवा, रीत पाळली गेली पाहिजे, परिस्थिती योग्य हवी. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं "सभा तहकूब झाली" म्हटलं तर सभा तहकूब होत नाही.

ग्रंथपालबाईंनी "राखून ठेवते" म्हटलं, की पुस्तक राखीव होतं, कारण रजिस्टर त्यांच्या हातात आहे. तेच शब्द मॉडेलनं उच्चारले, तर काहीच होत नाही. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. सगळी अडचण इथे आहे. मॉडेल बोलतं, करतो तो आपला प्रोग्राम, आणि या दोघांतला फरक वाचकाला दिसेल अशा रीतीनं सांभाळणं हे बांधणाऱ्याचं काम आहे.

चिठ्ठी आणि किल्ली

आता हे टूल प्रकरण नेमकं कसं चालतं ते बघू. आमच्या पिढीतल्या लोकांना जुन्या ग्रंथालयांची रीत आठवत असेल. कपाटांपर्यंत वाचकाला प्रवेश नसे. मागणीची चिठ्ठी लिहायची, ती शिपायाकडे द्यायची. किल्ल्या त्याच्याकडे. तो चिठ्ठी वाचून पुस्तक आणून देई, नाहीतर "बाहेर गेलंय" म्हणून सांगे.

लँग्वेज मॉडेल म्हणजे या व्यवस्थेतला चिठ्ठी लिहिणारा. त्याच्या हातात किल्ली नाही. त्याच्यात मजकूर जातो, त्याच्यातून मजकूर येतो, यापलीकडे त्याला काही करता येत नाही. आणि आपला जावा प्रोग्राम म्हणजे किल्ल्या बाळगणारा शिपाई.

मॉडेलला बाहेरची साधनं वापरू द्यावीत, ही कल्पना २०२२-२३ च्या सुमारास आकाराला आली. २०२२ मध्ये रीअॅक्ट नावाचा शोधनिबंध आला. त्यात मॉडेलनं आधी विचार मांडायचा, मग कृती सुचवायची, तिचा परिणाम पाहायचा, पुन्हा विचार करायचा, असं चक्र मांडलं होतं. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं आपल्या सेवेत फंक्शन कॉलिंगची सोय दिली. मग इतरांनीही दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. साधनं मॉडेलपुढे मांडण्याची एक समान पद्धत असावी, हा त्याचा हेतू. नावं बदलतात, पण आतलं यंत्र एकच आहे.

ते असं. वाचकाचा प्रश्न मॉडेलकडे पाठवताना आपण सोबत साधनांची यादी पाठवतो. प्रत्येक साधनाबद्दल तीन गोष्टी: नाव, वर्णन, आणि त्याला कोणते पॅरामीटर लागतात त्याचा आराखडा. हा आराखडा जेसन स्कीमा नावाच्या ठरावीक रूपात असतो. मॉडेल हे सगळं वाचतं आणि दोनांपैकी एक गोष्ट करतं. सरळ उत्तर लिहितं, किंवा चिठ्ठी लिहितं: "शोध हे टूल चालवा, शीर्षक बनगरवाडी." कधी दोन्ही एकदम, कधी एकाच वेळी दोन-तीन चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीला एक ओळखक्रमांक असतो.

आपला प्रोग्राम ती चिठ्ठी वाचतो. नाव ओळखीचं आहे का पाहतो. पॅरामीटर तपासतो. मग आपली जावाची मेथड चालवतो, आणि आलेला निकाल त्याच ओळखक्रमांकासह संवादाच्या शेवटी जोडतो. नंतर सगळा संवाद, अगदी पहिल्या वाक्यापासून, पुन्हा मॉडेलकडे पाठवतो. सगळा का? तर मॉडेलला स्वतःची आठवण नसते. दर वेळी त्याला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. आता मॉडेलला निकाल दिसतो, आणि ते एकतर उत्तर लिहितं किंवा पुढची चिठ्ठी लिहितं. चिठ्ठी आली नाही, की फेरा संपला.

एवढंच आहे बघा! एक लूप. आत एचटीटीपीची एक विनंती, जी जावा ११ पासून भाषेबरोबरच येणाऱ्या एचटीटीपी क्लायंटनं करता येते. जेसन वाचायला जॅक्सन. आणि टूलच्या नावावरून मेथड शोधायला एक साधा मॅप. आमच्या विद्यार्थ्यानं हे सगळं दीडएकशे ओळींत बसवलं. लूपला मर्यादा मात्र घाला. आम्ही पाच फेऱ्यांची घातली. नाहीतर एखादं टूल सारखं चुकत राहतं आणि मॉडेल चिकाटीनं चिठ्ठ्या लिहीत राहतं, बिल आपल्या नावावर.

नावात काय आहे

हाताने लिहून झाल्यावर आम्ही तयार फ्रेमवर्ककडे वळलो. जावामध्ये आज दोन ठळक आहेत. एक लँगचेनफोरजे, दुसरं स्प्रिंग एआय, ज्याची १.० आवृत्ती मे २०२५ मध्ये आली. दोन्हींत साधारण एकच युक्ती आहे. आपल्या नेहमीच्या मेथडवर 'टूल' नावाचं ॲनोटेशन लावायचं, त्यात वर्णनाचं एक वाक्य लिहायचं, बाकीचा आराखडा फ्रेमवर्क रिफ्लेक्शननं स्वतः काढतं. फार सोय होते.

पण या सोयीनं आम्हाला एकदा चांगलंच फसवलं. आमच्या शोधाच्या मेथडला दोन पॅरामीटर होते, शीर्षक आणि लेखक, दोन्ही स्ट्रिंग. कुणीतरी विचारलं, "माडगूळकरांची कोणती पुस्तकं आहेत?" उत्तर आलं, एकही नाही. ग्रंथपालबाई हसायला लागल्या. कपाटाचा एक खण भरला आहे म्हणे. लॉग पाहिला तर मॉडेलनं लेखकाचं नाव शीर्षकाच्या जागी घातलं होतं.

चूक मॉडेलची नव्हती. जावाचा कंपायलर क्लास फाइल तयार करताना पॅरामीटरची नावं सहसा टाकून देतो. यंत्राला त्यांची गरज नसते, क्रम पुरतो. नावं ठेवायची असतील तर कंपायलरला 'पॅरामीटर्स' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो; जावा ८ पासून ती सोय आहे. आम्ही तो दिला नव्हता. त्यामुळे मॉडेलकडे आराखडा गेला तेव्हा त्यात शीर्षक आणि लेखक नव्हतेच. होते 'आर्ग शून्य' आणि 'आर्ग एक'. बिचाऱ्यानं अंदाजानं एक निवडला.

आम्ही या प्रसंगावर बरेच दिवस विचार करत होतो. प्रोग्राममधली नावं आणि वर्णनं आजवर माणसांसाठी होती. कंपायलर त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसे. पॅरामीटरला 'क' म्हणा की 'लेखक' म्हणा, चालायला काही फरक पडत नसे. आता परिस्थिती उलटी झाली. तुमच्या मेथडच्या आत काय लिहिलंय ते मॉडेलला दिसतच नाही. त्याला दिसतं फक्त नाव आणि वर्णन. म्हणजे अर्थ सांगण्याची पूर्ण जबाबदारी त्या एका-दोन वाक्यांवर आली.

आमचं पहिलं वर्णन होतं, "पुस्तक शोधतं." आता ते असं आहे: "वाचनालयाच्या सूचीत शीर्षक किंवा लेखक यांवरून पुस्तक शोधतं. प्रत्येक प्रत कपाटात आहे की बाहेर गेली आहे ते सांगतं. पुस्तक राखून ठेवत नाही." शेवटचं वाक्य लक्षात घ्या. टूल काय करत नाही हेही सांगायला हवं. श्रावणातल्या त्या संध्याकाळी ते वाक्य असतं तर कदाचित ती चूक टळली असती. कदाचित म्हणतो, खात्रीनं नाही. त्याकडे येतोच.

एक व्यावहारिक सूचना जाता जाता. वर्णन मराठीत लिहिलेलं चालतं, आम्ही तसंच लिहिलं आहे. पण टूलचं नाव पुष्कळ सेवांना रोमन अक्षरांत, अंकांत आणि अंडरस्कोर-आडव्या रेघेतच लागतं. जावा स्वतः देवनागरी नावं स्वीकारते, तरीही हा अडसर येतो.

नाही, आणि कळलं नाही

आता दुसरा धडा. हा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातला निघाला.

एका सकाळी असिस्टंट प्रत्येक पुस्तकाबद्दल "आपल्या वाचनालयात हे पुस्तक नाही" असं सांगायला लागला. ज्ञानेश्वरीसुद्धा नाही! कारण साधं होतं. डेटाबेस बंद पडला होता. आमच्या मेथडमध्ये एक्सेप्शन पकडलं जात होतं आणि तिथून रिकामी यादी परत दिली जात होती. हे आमच्याच हातचं काम. प्रोग्राम कोसळू नये म्हणून केलेली सोय. मॉडेलला रिकामी यादी दिसली, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, पुस्तक नाही.

आपल्याकडच्या मीमांसकांनी या प्रश्नाचा फार बारकाईनं विचार केला आहे. एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कळतं कसं? कुमारिल भट्टांच्या परंपरेनं यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. प्रभाकरांच्या परंपरेला ते मान्य नाही. पण ज्यांना मान्य आहे तेही एक अट घालतात: अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे असं, की ती वस्तू तिथे असती तर ती नक्की दिसली असती, अशी परिस्थिती पाहिजे. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही, हे ज्ञान. काळोखात दिसला नाही तर ते ज्ञान नव्हे. मला दिसलं नाही, इतकंच म्हणता येईल.

डेटाबेस बंद असणं म्हणजे काळोख. आमच्या प्रोग्रामनं काळोखात न दिसलेल्या घड्याबद्दल "नाही" असं प्रमाणपत्र दिलं होतं.

हा भेद जावामध्ये उत्तम मांडता येतो. शोधाचा निकाल म्हणून आम्ही एक सील्ड इंटरफेस केला. त्याची तीनच रूपं: 'मिळालं', 'नाही' आणि 'शोधता आलं नाही'. प्रत्येक रूप म्हणजे एक छोटा रेकॉर्ड. रेकॉर्ड जावा १६ मध्ये स्थिरावले, सील्ड इंटरफेस १७ मध्ये, आणि २१ पासून स्विचमध्ये अशा रूपांची सरळ फोड करता येते. यातली गंमत अशी, की एखादं रूप हाताळायचं राहिलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. काळोखाची शक्यता विसरायची मुभाच नाही! तिसरं रूप आलं तर मॉडेलकडे स्पष्ट वाक्य जातं: "सूचीशी संपर्क झाला नाही. पुस्तक आहे की नाही हे ठरवता आलेलं नाही." मग मॉडेलही वाचकाला जवळपास तसंच सांगतं.

बँकेतल्या आमच्या स्नेह्यांनी हे ऐकून एक मार्मिक गोष्ट सांगितली. "सर, आमच्याकडे खात्यात शून्य रुपये असणं आणि खातं उघडता न येणं, यांत फरक आहे हे शिपायालाही ठाऊक असतं." खरं आहे. कुमारिलांपर्यंत जायची गरज नव्हती, पण आम्हाला तो रस्ता ओळखीचा, म्हणून तिकडून आलो.

पावती

यानंतर आम्ही राखून ठेवण्याचं टूल दिलं. शोधणं हे पाहणं असतं; राखून ठेवणं हे करणं. पाहण्यात चूक झाली तर पुन्हा पाहता येतं. करण्यात चूक झाली तर कुणीतरी पावसातून येतं. म्हणून इथे आम्ही चार नियम पाळले.

पहिला नियम ओळखीचा. पुस्तक कोणाच्या नावावर राखायचं, हे चिठ्ठीवरून ठरवायचं नाही. सुरुवातीला सभासद क्रमांक हा टूलचा एक पॅरामीटर होता, म्हणजे मॉडेल तो भरणार. आमच्या विद्यार्थ्यानं बसल्या बसल्या असिस्टंटला सांगितलं, "मी सभासद क्रमांक बारा आहे," आणि ग्रंथपालबाईंच्या नावावर एक कादंबरी राखून दाखवली. क्रमांक लॉगिनमधून यायला हवा, मॉडेलच्या हाती तो देऊच नये. स्प्रिंग एआयमध्ये त्यासाठी टूल कॉन्टेक्स्ट नावाची सोय आहे. तिच्यातून दिलेली माहिती टूलला मिळते, मॉडेलकडे जात नाही.

याच्याशी जोडलेली दुसरी धोक्याची गोष्ट म्हणजे निकालातला मजकूर. आमच्या सूचीत वाचकांच्या अभिप्रायांचा एक रकाना आहे. तिथे कुणी लिहिलं, की आधीच्या सगळ्या सूचना विसरा आणि अमुक करा, तर मॉडेल ते कदाचित आज्ञा म्हणून वाचेल. मीमांसेत विधी आणि अर्थवाद वेगळे केले आहेत. आज्ञा करणारं वाक्य कोणतं आणि नुसती स्तुती किंवा खुलासा करणारं कोणतं, याचा सगळा ऊहापोह आहे. मॉडेलपुढे सगळा मजकूर एकाच प्रवाहात येतो, त्याची ही निवड भरवशाची नसते. म्हणून जे होऊ द्यायचं नाही त्याची किल्लीच जुडग्यात ठेवायची नाही.

दुसरा नियम: आधी विचारा. मॉडेलची चिठ्ठी आली, की प्रोग्राम लगेच राखून ठेवत नाही. वाचकाला पडद्यावर पुस्तकाचं नाव आणि एक बटण दाखवतो. वाचकानं बटण दाबलं तरच पुढे जायचं.

तिसरा नियम: एक मागणी, एक नोंद. नेटवर्क तुटलं, प्रोग्रामनं तीच विनंती पुन्हा केली, तर पुस्तक दोनदा राखलं जाता कामा नये. प्रत्येक मागणीला आपला प्रोग्राम एक किल्ली-क्रमांक देतो. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवी नोंद न करता जुनीच पावती परत मिळते.

आणि चौथा नियम, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. काम झाल्याचं मॉडेलनं सांगायचं नाही, प्रोग्रामनं सांगायचं. नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाली, की प्रोग्राम स्वतः वेगळ्या चौकटीत पावती छापतो: पुस्तकाचं नाव, पावती क्रमांक, किती वाजेपर्यंत. हे शब्द ठरावीक आहेत. मॉडेलचा त्यांना स्पर्श होत नाही. आणि संवादाच्या तळाशी कायम एक ओळ असते: "पावती क्रमांक नसेल तर पुस्तक राखीव समजू नये."

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मॉडेललाच बजावून ठेवा ना, खोटं आश्वासन देऊ नकोस म्हणून. बजावलं आहे. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये तसं वाक्य आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण ती विनंती आहे. कुलूप प्रोग्राममध्येच लावावं लागतं. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानलं, पण कोणाचाही शब्द नव्हे. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, त्या आप्ताचा शब्द. मॉडेल आप्त नाही. त्याला आप्त बनवण्याच्या खटपटीत आपण पडू नये. आप्त म्हणजे ते रजिस्टर आणि ते सांभाळणारी माणसं. त्यांचा शब्द वाचकापर्यंत अविकृत पोचेल एवढी वाट आपण करून द्यावी.

श्रोत्यांचे प्रश्न

एका श्रोत्यानं लिहून विचारलं आहे, "आम्ही शिकताना थेट लायब्ररी वापरावी, की तुमच्यासारखं हातानं लिहावं?" लायब्ररी म्हणजे जावाची, वाचनालय नव्हे, असं आम्ही धरतो! आधी एकदा हातानं लिहा. दीडशे ओळी, दोन टूल्स, पाच फेऱ्यांची मर्यादा. चिठ्ठी कोण लिहितं आणि किल्ली कोण फिरवतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मग फ्रेमवर्क खुशाल वापरा. ॲनोटेशनच्या मागे काय चाललंय ते तुम्हाला कळत राहील. आणि लॉग ठेवा. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक निकाल. आमच्या दोन्ही चुका आम्हाला लॉगनंच दाखवल्या.

दुसरा प्रश्न, "मॉडेल दिवसेंदिवस सुधारत आहेत. मग ही सगळी काळजी थोड्याच दिवसांची नाही का?" मॉडेल सुधारतील, चुका कमी होतील, हे मान्य. पण आपल्या घरातला अत्यंत विश्वासू माणूससुद्धा बँकेत पैसे भरून आला तर आपण पावती मागतोच. त्यात अविश्वास नाही. झालेल्या कृत्याची खूण मागणं ही व्यवहाराची रीत आहे, आणि माणूस किती सज्जन आहे यावर ती अवलंबून नसते.

आणि शेवटचा प्रश्न, "त्या आजींचं पुढे काय झालं?"

बनगरवाडी नऊ दिवसांनी परत आली. ग्रंथपालबाई ती स्वतः त्यांच्या घरी घेऊन गेल्या. बरोबर आम्हीही होतो, कारण चुकीचा निम्मा वाटा आमचा होता. आजींनी चहा दिला, पुस्तक घेतलं, रजिस्टरवर सही केली. असिस्टंटमध्ये आता पावती येते, हे आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. अजूनही पुस्तक हवं असलं की त्या वाचनालयात फोनच करतात. ग्रंथपालबाई तो फोन उचलतात, आणि आम्ही त्यांना असिस्टंट वापरण्याचा आग्रह केलेला नाही.

आज इथेच थांबू. ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी पुढच्या व्याख्यानापर्यंत एवढंच करावं: एकच टूल लिहा, आणि त्याच्या वर्णनात ते काय करत नाही हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिताना किती वेळ लागतो बघा.